आवाज बाहेर जाऊ नये म्हणून

कर्वेनगर, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय यज्ञेश्वर,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन करायला काय झालं होतं, असं तू आधी मनात म्हणशील आणि मग कागदावरही लिहिशील, म्हणून सांगून टाकते. फोनवर निवांत बोलणं होत नाही, आणि विचारायचंय ते तुझ्या धंद्यातलं आहे. ते लिहून विचारलेलं बरं. मावशी नेहमी म्हणायची, आमच्या यज्ञाला तोंडी काही सांगू नका, तो ऐकायच्या आधी उत्तर देतो.

गुडघा कसा आहे? व्यायाम करतोयस की व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाच अक्कल शिकवतोयस?

काम असं आहे. सलिलचा आमोद बंगळुरूहून आजीकडे राहायला आलाय. कॉलेज इथून जवळ पडतं. तबला वाजवतो, ते तुला माहीत आहेच. मधली खोली त्याला दिली आहे. त्या खोलीची एक भिंत शेजारच्या कादंबरी साळुंखेच्या घराला लागून आहे आणि पलीकडे तिची ओवी बारावीचा अभ्यास करते. फेब्रुवारीत परीक्षा. कादंबरी वाईट नाही रे. पहिल्यांदा येऊन नीट बोलली, दुसऱ्यांदा रडली, तिसऱ्यांदा सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन आली. परवाच्या मीटिंगमध्ये ठरलं की नवीन वर्षापर्यंत आवाज बंद करा, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय बघा. "आपण सुज्ञ आहात," असंही म्हणाले. पुण्यात कुणी आपल्याला सुज्ञ म्हटलं की समजावं, विषय संपला.

मला त्याला दुसरीकडे ठेवायचं नाहीये. सलिल म्हणतो ठेव, चांगल्या जागा असतात हल्ली. असतील. पण एकदा तो या घरातून गेला की परत यायचा नाही, एवढं मला कळतं.

तर आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खोलीला काय लावू? दुकानदार स्पंजच्या लाद्या घ्या म्हणतो. सेक्रेटरी म्हणाले, अंड्यांचे ट्रे चिकटवा, यूट्यूबवर आहे. आमच्याकडे अंडं येत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी म्हणाले.

ह्यांचं ठीक चाललंय. तुझी आठवण काढतात.

तुझी
मंदाताई


मांजरी
२५ नोव्हेंबर

मंदाताई, नमस्कार.

गुडघा वाकतो. मी वाकत नाही, अशी त्या मुलीची तक्रार आहे.

तुझ्या सेक्रेटरींना माझा निरोप दे: अंड्यांचे ट्रे अंडी ठेवायला उत्तम. जन्मभर मी नाट्यगृहं आणि रेकॉर्डिंगच्या खोल्या केल्या, आणि जिथे जिथे आधी कुणीतरी ट्रे चिकटवून गेलं होतं तिथे ते खरवडून काढण्यातच आमचा पहिला दिवस गेला. थर्माकोलही नको. तो काही करत नाही, फक्त मनाला बरं वाटतं.

आता नीट वाच. आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. लोक एका कामासाठी येतात आणि दुसऱ्याचं सामान घेऊन जातात. मऊ, छिद्रांच्या वस्तू आवाज शोषतात: रॉकवूल म्हणजे दगडी लोकर, जाड पडदा, सतरंजी, गादी. त्यांनी खोलीतला घुमारा मरतो, पण भिंतीपलीकडे जाणारा आवाज फारसा थांबत नाही. तो थांबवायला वजन लागतं, आणि फट असून चालत नाही. दाराखाली बोटभर फट ठेवलीस तर बाकी सगळं केलेलं पाण्यात.

पण तुझं काम तबल्याचं. पोरगा सकाळी तासभर बसणार, संध्याकाळी तासभर. तेवढ्यासाठी भिंतीपुढे दुसरी भिंत उभी करायचं खूळ नको. ती खोली मला आठवते. उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी, एक लोखंडी कपाट आणि तुझ्या श्रीनिवासरावांच्या पी.टी.च्या शिट्ट्या टांगलेला खिळा. मध्ये उभी राहा आणि एक टाळी वाजव. टाळीनंतर शेपटासारखं काहीतरी रेंगाळतं ना, तेवढं काढायचं. लाकडी चौकटींत रॉकवूल भर, वर सुती कापड ताण आणि चारी भिंतींवर लाव. काचलोकर स्वस्त मिळेल, पण ती खाजते. दुकानातला स्पंज घेऊ नकोस, ठिणगी पडली तर भडकतो. छताला दोन चौकटी, खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा. पलीकडे जाणाराही थोडा उतरेल, आणि ओवीच्या वेळा सांभाळून रियाज ठेवलात की भागलं. श्रीनिवासरावांचा आवाज माइकशिवाय अख्ख्या मैदानाला पुरायचा. तो त्या खोलीत इतकी वर्षं मावला, तिथे तबल्याचं काय घेऊन बसलीस?

माझा जुना मिस्त्री सर्जेराव मोकळा आहे. पुढच्या आठवड्यात पाठवतो.

यज्ञेश्वर


कर्वेनगर
१९ डिसेंबर

प्रिय यज्ञेश्वर,

सर्जेरावांना पाठवू नकोस म्हणून मी फक्त मेसेज केला, त्याचा तुला राग आलेला दिसतो. गप्प बसलास. रागावू नकोस रे. इथला सुतार ओळखीचा होता आणि त्यांना एवढ्या लांबून कशाला बोलवायचं, इतकंच. तू सांगितलंस तसंच सगळं केलं. चौकटी, सुती कापड, सतरंजी, पडदा. राखाडी कापड घेतलं, मळलेलं दिसत नाही.

खोलीत पाऊल टाकलं की कानांना दडे बसल्यासारखं होतं. टाळी वाजवून बघितली. ती हातातच विझते. म्हणजे तुझं काम चोख झालं असणार.

पण उपयोग झाला नाही. उलट वाढलंय. आधी तो थोडा वेळ वाजवून थांबायचा, आता थांबतच नाही, आणि जोरही वाढलाय. कादंबरी काल जिन्यात भेटली. म्हणाली, काकू, काय काम केलंत तुम्ही, आता तर शब्द न् शब्द कळतो. बिचारीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तिनंच सेक्रेटरींना सांगून आम्हाला जानेवारीअखेरपर्यंत मुदत मिळवून दिली. आता तिला काय तोंड दाखवू?

आणि त्याचा घसा असा बसलाय की मधाचं बोट लावलं तरी उतरत नाही. असं का होतं? खोलीचं काही चुकलं का? तू म्हणशील ते मी करते, फक्त हा आवाज भिंतीच्या अलीकडे राहू दे. मी फार दमले आहे. पंचाहत्तरी जवळ आली, आता हे सुतारकाम झेपत नाही.

मंदाताई


मांजरी
२७ डिसेंबर

मंदाताई,

तबला वाजवून घसा बसलेला मुलगा मी अजून पाहिला नाही.

तुझं पत्र वाचलं, परत वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्याच संध्याकाळी सलिलचा फोन आला. आमोदबद्दल मीच विचारलं. आमोद बंगळुरूतच आहे आणि तबला त्याने दहावीलाच सोडला. सलिलने मला विचारलं, मामा, तुमच्या मांजरीत वृद्धांसाठी एक नवीन निवास झालाय, तेवढा बघून याल का? कोणासाठी, म्हणून विचारलं. मग त्याने सगळं सांगितलं. श्रीनिवासरावांच्या डिमेन्शियाचं, दिवसभराच्या हाकांचं, सोसायटीचं. त्याने तिथे बाबांचं नाव घातलं आहे. हे तुला त्याने सांगितलेलं नाही, ते मी सांगतोय. माझ्यावर चिडलीस तरी चालेल.

रागावलो होतो, खरं आहे. माझ्यापासून काय लपवायचं? श्रीनिवासरावांनी मला पोहायला शिकवलं, ते काय परके आहेत? आणि मला खरं सांगितलं असतंस तर मी तुला त्या चौकटी लावूच दिल्या नसत्या. ऐक, काय झालं ते. उघड्या खोलीत माणूस ओरडला की त्याचा आवाज त्याच्याकडे परत येतो. त्याला वाटतं, आपण बोललो, कुठेतरी पोचलं. आता चारी भिंती तो पिऊन टाकतात. श्रीनिवासरावांना आपली हाक ऐकूच येत नाही धड, म्हणून ते आणखी जोरात मारतात. पट्टीचे गवय्येसुद्धा अशा कोरड्या खोलीत घसा फोडून घेतात. आणि शब्द स्पष्ट कळतात म्हणतेस, तेही बरोबर. घुमारा गेला की शब्दाची कड साफ होते. तबल्याला हवं होतं ते मी दिलं, आणि ते माणसाच्या माथी बसलं.

रिक्षाने तो निवास बघून आलो. उसाच्या फडाला लागून आहे. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत, खोटं बोलणार नाही. सवयीने मध्ये उभं राहून टाळी वाजवली. काच, फरशी, वर पत्रा. बराच वेळ घुमत राहिली. तिथल्या बाई मला तिथलाच समजून म्हणाल्या, आजोबा, जेवण झालंय.

आता तुझं काम. पलंगासमोरच्या भिंतीवरच्या आणि छतावरच्या चौकटी काढ, म्हणजे त्यांचा आवाज त्यांच्याकडे परत येईल. बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर साळुंख्यांच्या भिंतीपुढे वेगळ्या सांगाड्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर उभारायचे, भिंतीला कुठेही न टेकता, आणि मधल्या पोकळीत त्याच चौकटींतलं रॉकवूल भरायचं. खिडकीला आतून दुसरी काच. भरीव लाकडाचं दार, चारी कडांना रबरी पट्टी. हवेसाठी वाकडा मार्ग ठेवावा लागतो, नाहीतर हवा जाते तिथून आवाजही जातो. हे सगळं सर्जेराव करू शकतो.

पण ताई, अडवलेला आवाज दोन्ही बाजूंनी अडतो. तू स्वयंपाकघरात असशील आणि ते आत पडले तर तुला कळणार नाही. विचार कर आणि मग सांग.

यज्ञेश्वर


कर्वेनगर
२ जानेवारी २०२५

यज्ञा,

सलिलशी बोलले. भांडले नाही, भांडायलाही अंगात त्राण लागतं. तो म्हणाला, आई, तू जगायला हवीस म्हणून नाव घातलंय. त्याचंही चुकत नाही.

तुझ्यापासून लपवलं, कारण तुझ्या मनात ते मैदानावर उभे आहेत. एकाच्या मनात तरी ते तसे राहावेत असं वाटलं. दीड वर्ष झालं. सकाळी डोळा उघडला की सुरू होतं. 'सावधान', 'एका ओळीत', आणि बाकी सगळा वेळ माझं नाव. मी समोर बसलेली असते आणि ते "मंदा" म्हणून हाक मारतात. मी "ओ" देते. ते माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुम्ही नाही हो, मंदा." मग पुन्हा हाक. फोनवर बोलायला लागले की पलीकडचा विचारतो, कोण ओरडतंय? म्हणून फोन बंद केले, मग माणसं आपोआप बंद झाली. नर्सिंग ब्यूरोकडून माणूस ठेवून बघितला, चार-सहा दिवसांत सगळे पळतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी हाका थांबल्या आणि चालणंही थांबलं. मी गोळ्या बंद केल्या.

तू विचारतोस, दोन्ही बाजूंनी अडला तर चालेल का. खरं लिहू? मला तेच हवंय. ओवीची परीक्षा आहे, सोसायटी आहे, ते सगळं खरंच. पण मलाच ऐकायचं नाहीये. मला एकदा चहा गरम असताना प्यायचा आहे. माझं नाव मला नकोसं झालंय, यज्ञा. मंडईत भाजीवालीने कुणा मंदाला हाक मारली तर मी भाजी तिथेच टाकून निघाले. आणि तरी त्यांना पाठवायचं नाही, हेही तितकंच खरं. या दोन्हीचा मेळ कसा घालायचा ते तुझ्या शास्त्रात असेल तर सांग. नसेल तर सर्जेरावांना पाठव.

मंदाताई


मांजरी
१६ जानेवारी

ताई,

सर्जेरावचा फोन आला. सांगाडा उभा राहिला, उद्यापासून जिप्समचे थर. दार सगळ्यांत शेवटी. सलिलला सांगून खोलीत कॅमेरा लाव, म्हणजे मोबाइलवर दिसतील आणि ऐकूही येतील.

आता इकडचं. काम होईपर्यंत श्रीनिवासरावांना इथल्या निवासात ठेवायचं ठरलं, त्याला आज सहावा दिवस. मी रोज दुपारी काठी टेकत जाऊन बसतो. पहिल्या दिवशी मी त्या बाईंना सांगून ठेवलं होतं, हे हाका मारतील, दचकू नका. त्यांनी एकही हाक मारली नाही. पहिल्या दिवशी नाही, आजपर्यंत नाही. जेवतात, झोपतात, सांगितलं की उठतात. बाई म्हणतात, किती शांत आहेत हो तुमचे भावोजी, उगीच घाबरवलंत आम्हाला. सलिलला कळवलं, तो म्हणाला, बघा मामा, त्यांना तिथेच बरं वाटतंय.

मी त्यांना म्हटलं, श्रीनिवासराव, मंदाताई कुठाय? त्यांनी उसाकडे बघितलं आणि खांदे उडवले. शोधायचं सोडून दिल्यासारखं वाटलं मला. पण मी आवाजाचा माणूस, शांततेतलं मला काय कळतं? कदाचित बरंही वाटत असेल. इथे ठेवलेस तर सगळ्यांचीच सोय होईल, तुझीही झोप होईल, आणि मी तर हाकेच्या अंतरावर आहेच. ठेवू नकोस असं मी सांगणार नाही. ठेव असंही सांगणार नाही.

यज्ञेश्वर


कर्वेनगर
२ फेब्रुवारी

प्रिय यज्ञा,

ह्यांना घरी न्यायला आले त्या दिवशी तू निवासाच्या फाटकापर्यंत सोडायला आलास, बरं झालं. टॅक्सीत ते सगळा रस्ता गप्प होते. घरी येऊन तीन दिवस गप्प. तुझी खोली झाली आहे, दार लागलं आहे, आणि आत आवाजच नाही. मी बाहेर बसून राहिले. वाटलं, आपण अडवायच्या आधीच संपला की काय. चहा गरम प्यायले. तोंड भाजलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी भाजी चिरत होते आणि दार उघडं होतं. "मंदा." मी विळीवरून उठले, यज्ञा, आणि रडले. दीड वर्ष ज्या हाकेला विटले होते तिच्यासाठी रडले. मग दुपारपर्यंत त्यांनी तीच हाक इतक्या वेळा मारली की मी दार लावून घेतलं. लगेच सगळं बंद झालं. तुझ्या सर्जेरावांचं काम वाखाणण्यासारखं आहे. कॅमेरा लावलाय. मोबाइलवर आवाज बंद करता येतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तो मी बंद केला, मोबाइल पालथा घातला आणि झोपले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. दाराशी गेले. खोटं सांगत नाही, कडीवर हात ठेवून मी क्षणभर थांबले. वाटलं, अजून थोडा वेळ. मग उघडलं. ते दाराला कपाळ टेकून उभे होते. किती वेळचे, देव जाणे. घसा पार गेला होता, ओठ हलत होते फक्त. मला बघून पुटपुटले, "मंदा आली का?" आली, म्हटलं.

त्यानंतर मी दार लावते, पण आतून. भाजी आत घेऊन जाते, पेपर आत घेऊन जाते. जेवणही दोघांचं आतच. ते हाक मारतात, मी "ओ" देते. कधी पटतं, कधी पटत नाही. आवाज परत येईल अशी ती भिंत तू मोकळी ठेवलीस ना, तिच्यासमोर बसून ते बरेचदा थांबतात, ऐकतात. मी आनंदाने बसते असं समजू नकोस. कान किटतात, कंटाळा येतो, कधी कधी मी त्यांच्यावर ओरडतेसुद्धा. तेही बाहेर जात नाही, हा एक फायदा.

सलिलला सांगितलं, नाव काढून टाक. तो बरा माणूस आहे, काढलं त्याने. पुढच्या रविवारी येतो म्हणालाय.

काल कादंबरी तिळगूळ घेऊन आली होती. ओवीचा अभ्यास छान चाललाय म्हणाली. मग तिने दबक्या आवाजात विचारलं, काकू, काकांना तिकडेच ठेवलंत का? किती शांत झालंय हो घर. मी तिला दार उघडून दाखवलं. ती उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. मग म्हणाली, मी दुपारी तासभर बसू का त्यांच्याजवळ, ओवी क्लासला गेली की? मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि बरं म्हटलं.

गुडघा चालायला लागलाय, तर ये एखादा दिवस. तुला ओळखतील की नाही सांगता येत नाही, पण ये. येशील तेव्हा बेल वाजवत उभा राहू नकोस, आम्ही दोघं आत असतो, ऐकू येत नाही. किल्ली कादंबरीकडे ठेवली आहे.

तुझी
मंदाताई